रिपोर्ट नॉर्मल, पोट मात्र नाही

आयबीएस, म्हणजे इरिटेबल बॉवेल सिंड्रोम, हा आजार मराठी घरांत आता इंग्रजी आद्याक्षरांनीच ओळखला जातो. पोटात कळ येते, कधी जुलाब होतात, कधी बद्धकोष्ठ, कधी दोन्ही आलटून पालटून. सोनोग्राफी आणि कोलोनोस्कोपी मात्र स्वच्छ. अशा रुग्णाला मानसशास्त्रज्ञाकडे पाठवावं का, केव्हा आणि कशासाठी, यावर डॉक्टरांमध्ये खरोखरच मतभेद आहेत. ते समोरासमोर यावेत म्हणून हा संवाद रचला आहे. बोलणारे दोघे कल्पित आहेत. मामा तालुक्याच्या गावी अनेक वर्षं दवाखाना चालवणारे फॅमिली डॉक्टर, भाची मुंबईत क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट. त्यांच्या तोंडचे संशोधनाचे दाखले आणि आकडे मात्र खरे आहेत.

मामा : तुम्हा लोकांबद्दलची माझी पहिली तक्रार ऐकून घे. सगळे रिपोर्ट नॉर्मल आले की शहरातले मोठे डॉक्टर म्हणतात, ‘टेन्शन घेऊ नका, सायकॉलॉजिस्टला दाखवा.’ रुग्ण तिथून उठतो तो थेट माझ्यासमोर येऊन बसतो. म्हणतो, ‘डॉक्टर, मी काय नाटक करतोय?’ आता याला मी काय सांगू?

भाची : मामा, ही तक्रार माझीही आहे. माझ्याकडे येणाऱ्याच्या हातात वीतभर जाड फाइल असते आणि चेहऱ्यावर अपमान. पहिली भेट तो अपमान उतरवण्यातच जाते. ‘काही सापडलं नाही, म्हणून मनाचं’ हा निष्कर्षच चुकीचा आहे. आयबीएसचं निदान सगळे रस्ते संपले म्हणून करायचं नसतं. त्याला स्वतःची लक्षणं आहेत.

मामा : पोटविकारतज्ज्ञांचे रोम निकष म्हणतेस ना?

भाची : हो, २०१६ची चौथी आवृत्ती. गेले तीन महिने सरासरी आठवड्यातून निदान एक दिवस पोटदुखी. त्रासाची सुरुवात सहा महिन्यांपूर्वीची. आणि दुखण्याचा संबंध शौचाला जाण्याशी, जाण्याच्या वेळा बदलण्याशी, मळ घट्ट-पातळ होण्याशी, यांतल्या निदान दोन गोष्टींशी. एवढं जुळलं आणि धोक्याची खूण नसेल, तर पहिल्या-दुसऱ्या भेटीतच नाव घेऊन सांगता येतं, ‘तुम्हाला आयबीएस आहे.’

मामा : तिथंच मी अडतो. धोक्याची खूण नाही हे ठरवायचं कुणी? आपल्याकडे आतड्याचा क्षय अजून आहे आणि सुरुवातीला तो पोटदुखी-जुलाबांचंच सोंग घेऊन येतो. ग्लूटेनमुळे होणारा सीलिअ‍ॅक आहे, थायरॉइड आहे, आतड्याला सूज आणणारे कोलायटिस आणि क्रोन्स आहेत. पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाची सवय बदलली तर मी कर्करोग नाही याची खात्री झाल्याशिवाय मनाचा म सुद्धा काढत नाही. शौचातून रक्त, विनाकारण घटलेलं वजन, ताप, हिमोग्लोबिन कमी, रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, घरात कुणाला आतड्याचा कर्करोग. यातलं एक जरी असलं, तरी तुझी खुर्ची नंतर.

भाची : ती नंतरच असली पाहिजे. पण मामा, उलट बाजूही बघ. हिमोग्लोबिन, शरीरातली सूज दाखवणारी सीआरपी, सीलिअ‍ॅकची रक्तचाचणी, जुलाब असतील तर आतड्याची सूज दाखवणारं मळातलं कॅलप्रोटेक्टिन, आणि तुझ्या नजरेला शंका आली तर पुढचं. एवढं झालं की थांबायला हवं ना? पंचविशीतली मुलगी तिसऱ्यांदा सीटी स्कॅन करून येते. प्रत्येक नॉर्मल रिपोर्टने तिला चार दिवस बरं वाटतं आणि मग भीती दुप्पट होते, ‘एवढ्या मशीनना सापडत नाही म्हणजे काहीतरी भयंकरच असणार.’

मामा : हे मात्र खरं. आणि काहींना दरवेळी ‘जुनाट आव’ ठरवून मेट्रोनिडाझोल या जंतुनाशक गोळीचे कोर्सवर कोर्स दिले जातात. तोंड कडू, भूक मेलेली, आणि पोट तिथंच. बरं, तुझे निकष आपल्या लोकांना नीट बसतात असंही नाही. आपला माणूस ‘दुखतं’ असं आधी म्हणतच नाही. तो म्हणतो, ‘पोट साफ होत नाही, गुबारा धरतो.’ पाश्चात्त्य पुस्तकात आठवड्यातून तीनदापेक्षा कमी शौच म्हणजे बद्धकोष्ठ. आपल्याकडे बहुतेक निरोगी माणसं रोज एकदा तरी जातात. एक दिवस चुकला की घरभर चर्चा!

भाची : म्हणून तर मी वेळा मोजत बसत नाही, मळाचा प्रकार विचारते. ब्रिस्टल विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९९७मध्ये सात चित्रांचा तक्ता मांडला, तो मराठी माणसालाही एका मिनिटात कळतो. लाजायचं कारण उरत नाही, बोट ठेवलं की झालं.

मामा : ठीक. निदान झालं. आता मला सांग, आतड्याच्या आजारात मनाची तपासणी कशाला? माझ्याकडे गुडघेदुखीवाले येतात, त्यांनाही काळज्या असतात. त्यांना कुणी तुझ्याकडे पाठवत नाही.

भाची : पाठवले तर काहींना फायदा होईल, पण तो वाद वेगळा. आतडं आणि मेंदू यांच्यात सतत दुहेरी निरोप चालू असतात. १९७३मध्ये रिची नावाच्या डॉक्टरांनी आयबीएसच्या रुग्णांच्या मोठ्या आतड्यात छोटा फुगा फुगवून बघितला. निरोगी माणसाला जेवढ्या ताणाने नुसतं भरल्यासारखं वाटतं, तेवढ्यातच यांतल्या अनेकांना दुखायला लागलं. आतडं फाटलेलं नाही, सुजलेलं नाही, पण तिथून येणारी साधी सूचनाही दुखणं म्हणून पोचते. म्हणून २०१६पासून या आजारांना ‘फंक्शनल’ म्हणणं मागे पडलं आणि आतडं-मेंदू परस्परसंबंधाचे विकार असं म्हणायला सुरुवात झाली.

मामा : म्हणजे खापर मनावरून मज्जातंतूंवर. मला चालेल. पण सुरुवात कुठून होते? माझे निम्मे रुग्ण सांगतात, ‘अमुक लग्नात जेवलो, जुलाब लागले, तेव्हापासून पोट बिघडलं ते बिघडलंच.’ त्यात मन कुठं आलं?

भाची : ते खरं सांगतात. जंतुसंसर्गाने जोरदार जुलाब झालेल्या साधारण दहातल्या एकाला पुढे आयबीएस होतो. कॅनडात ओंटारिओ प्रांतातलं वॉकरटन हे छोटं गाव आहे. तिथं मे २०००मध्ये पिण्याच्या पाण्यात जंतू मिसळले, दोन हजारांहून जास्त लोक आजारी पडले, सात जण गेले. त्या गावाचा डॉक्टरांनी पुढे आठ वर्षं पाठपुरावा केला. जंतू केव्हाच गेले होते, तरी बऱ्याच जणांची पोटं आठ वर्षांनीही ताळ्यावर नव्हती. आणि कुणाला आयबीएस होण्याची शक्यता जास्त होती? ज्यांचा मूळ आजार जोरात होता त्यांना, बायकांना, तरुणांना, आणि ज्यांना आधीपासून चिंता किंवा नैराश्य होतं त्यांना. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. आतडं आणि मेंदू दोघंही तेच करायला लागतात. तुझ्या रुग्णाचं लग्नातलं जेवण खरं आणि माझी चिंताही खरी.

मामा : पण आधी कोंबडी की आधी अंडं? पोट रोज बिघडलं तर कुणीही चिंताग्रस्त होईल. तुम्ही परिणामालाच कारण ठरवता.

भाची : हा प्रश्न ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी बारा वर्षं लोकांच्या मागे राहून तपासला. निष्कर्ष २०१२मध्ये आला. सुरुवातीला पोट ठणठणीत पण चिंता जास्त, अशा लोकांत पुढे पोटाचे विकार जास्त झाले. आणि सुरुवातीला मन शांत पण पोट बिघडलेलं, अशांमध्ये पुढे चिंता-नैराश्य जास्त आढळलं. दोन्ही दिशा खऱ्या. २०२१मध्ये पन्नास हजारांहून जास्त आयबीएस रुग्णांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात सापडलेली बरीच जनुकं चिंता आणि नैराश्याशीही जोडलेली निघाली. याचा अर्थ चिंतेमुळे पोट बिघडतं एवढाच काढायचा नाही. दोघांची काही मुळं एकच आहेत.

मामा : मग तुझ्या तपासणीत तू नेमकं काय बघतेस? कारण मी पाहिलेली तपासणी अशी आहे : कागद पुढे सरकवायचा, ‘गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती वेळा निराश वाटलं?’ शेजारी सासूबाई उभ्या. सून सगळ्यावर ‘अजिबात नाही’ अशी खूण करते आणि अहवाल येतो, मानसिक स्थिती उत्तम!

भाची : असा कागद मीही फाडून टाकेन. प्रश्नावली आम्ही वापरतो, पण एकांतात आणि बोलण्याच्या जोडीला. एक आहे लक्षणांची तीव्रता मोजणारी, मँचेस्टरची, १९९७मधली. पाच प्रश्न, शून्य ते पाचशे गुण, तीनशेच्या वर तीव्र. ती पुढे उपचाराचा फरक मोजायला कामी येते. चिंता-नैराश्यासाठी १९८३मध्ये आलेली १४ प्रश्नांची हॉस्पिटल स्केल आहे. तिच्यात भूक, थकवा अशी शारीरिक लक्षणं मुद्दाम वगळली आहेत. आजारी माणसाला थकवा असणारच, म्हणून. आणि तिसरी प्रश्नावली पोटाबद्दलच्या भीतीची, १५ विधानांची. ती मला सगळ्यांत उपयोगी वाटते. एखाद्याला आयुष्यात दुसरी कसलीच चिंता नसते, पोटाची मात्र असते.

मामा : त्याला तू चिंतारोग म्हणणार?

भाची : नाही. म्हणूनच ती वेगळी मोजायची. माझा सगळ्यांत कामाचा प्रश्न कुठल्याच कागदावर नाही. मी विचारते, ‘पोटामुळे तुम्ही काय काय करायचं सोडलंत?’ मग यादी येते. बाहेरगावच्या लग्नाला जात नाही. एसटीत बसत नाही. ऑफिसच्या मीटिंगमध्ये दाराजवळची खुर्ची पकडतो. प्रवासाच्या दिवशी उपाशी राहतो. दूध सोडलं, मग गहू, मग डाळ, मग फळं, आता फक्त भात आणि ताक. यातून कुपोषण किंवा खाण्याचाच विकार तर होत नाही ना, हे बघावं लागतं. झोप, दारू, घरातली भांडणं, नोकरी विचारते. आणि आत्महत्येचे विचार येतात का, हेही सरळ विचारते. येत असतील तर पोट बाजूला ठेवून आधी ते.

मामा : लहानपणीचं विचारतेस? अत्याचार वगैरे?

भाची : विश्वास बसल्यावर, आणि उत्तर न देण्याची मोकळीक ठेवून. १९९०मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनाच्या पोटविकार विभागात डॉ. ड्रॉसमन यांच्या गटाने स्त्री-रुग्णांना विचारलं, तेव्हा चाळीस टक्क्यांहून जास्त जणींनी कधी ना कधी लैंगिक किंवा शारीरिक अत्याचार झाल्याचं सांगितलं. बहुतेकींच्या डॉक्टरांना त्याचा पत्ताच नव्हता. पण मी उलटा हिशोब कधी मांडत नाही. आयबीएस आहे म्हणजे भूतकाळात काहीतरी दडलेलं असणारच, असं मानणं हा रुग्णावर दुसरा अन्याय.

मामा : हे बरं बोललीस. आता उपचाराकडे ये. ती तुमची सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, गोड बोलून धीर देणंच ना? ते मी रोज फुकट करतो.

भाची : तू धीर देतोस, मी गृहपाठ देते. समज, डोंबिवलीचा एक तरुण आहे. मुंबईच्या लोकलमध्ये शौचालय नसतं, म्हणून त्याचा दिवस असा चालतो : पहाटे उठून तीन-चारदा संडासला जायचं, चहा घ्यायचा नाही, जुलाब थांबवणारी लोपेरामाइडची गोळी ‘असू दे’ म्हणून घ्यायची, आणि फास्ट सोडून स्लो लोकल पकडायची, कारण ती प्रत्येक स्टेशनला थांबते. कोणत्या स्टेशनच्या कुठल्या टोकाला शौचालय आहे, हे त्याला पाठ. पोटात जरा गुडगुडलं की छाती धडधडते, घाम येतो. त्या भीतीनेच मोठ्या आतड्याची हालचाल वाढते आणि कळ खरोखर येते. त्याला वाटतं, ‘बघा, मी म्हणत होतो!’

मामा : यात खोटं काय आहे?

भाची : काहीच नाही, म्हणूनच चक्र सुटत नाही. आधी ते चक्र त्याच्याच दिनक्रमावर कागदावर मांडायचं. मग दोन-तीन आठवडे डायरी : काय खाल्लं, काय झालं, मनात काय आलं. गाडीत घोटाळा होईल अशी भीती किती वेळा वाटली आणि तो खरंच किती वेळा झाला, हे तो स्वतः मोजतो. पोटाने श्वास घ्यायला शिकतो. ‘असू दे’ म्हणून संडासला जाणं एकेक करून कमी करायचं. मग रविवारी, गर्दी नसताना, मित्राबरोबर दोन स्टेशनं. मग एकट्याने. मग फास्टने ठाण्यापर्यंत. सगळ्यांत शेवटी सकाळी चहा पिऊन. जुलाब खरोखर जोरात असतील, तेव्हा हे करत नाही. आधी तुझं औषध आणि खाण्यातले बदल.

मामा : ऐकायला छान. पुरावा?

भाची : इंग्लंडमध्ये २०१९ला एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. ५५८ रुग्ण, सगळे आधीच्या औषधांनी वर्षभर बरे न झालेले. काहींना फोनवरून सीबीटी, काहींना संगणकावरून, थोड्या फोनच्या मदतीसह, आणि काहींना नेहमीचे उपचार. वर्षभराने दोन्ही सीबीटी गटांची लक्षणं नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्ट कमी होती. समोरासमोर बसायचीही गरज पडली नाही.

मामा : थांब. आपल्याला काय दिलं जातंय हे रुग्णाला माहीत, आणि ‘बरं वाटतंय का’ हेही त्यालाच विचारायचं. गोळीच्या चाचणीत खोटी गोळी देता येते. खोटी सीबीटी कशी देणार? पुष्कळ चाचण्यांत तर तुलना नुसत्या प्रतीक्षायादीशी. वाट बघत बसलेला माणूस नाराजच असणार, मग तुमचा उपचार उजवा दिसतो. अमेरिकेच्या पोटविकारतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१मध्ये मानसोपचार सुचवले खरे, पण पुराव्याचा दर्जा अगदी कमी, असंही तिथंच लिहिलं आहे.

भाची : ही टीका मान्य. म्हणूनच ज्या चाचण्यांत तुलनेतल्या गटालाही तेवढाच वेळ आणि आपुलकी मिळाली, त्यांना मी जास्त वजन देते. संमोहनाचं उदाहरण घे.

मामा : संमोहन! गणपतीच्या मांडवात माणसाला कोंबडा करून आरवायला लावतात, ते?

भाची : ते नव्हे. १९८४मध्ये मँचेस्टरच्या डॉ. पीटर व्होरवेल यांनी तीस हट्टी रुग्ण घेतले. निम्म्यांना संमोहन, निम्म्यांना तेवढ्याच भेटींत गप्पा, समुपदेशन आणि वर खोटी गोळी. संमोहनवाल्यांची सुधारणा कितीतरी जास्त होती. यात माणूस शुद्धीत असतो. पोटावर हात ठेवतो, हाताखाली ऊब पसरतेय असं अनुभवतो. संथ वाहणारी नदी डोळ्यांपुढे आणतो आणि आतड्याची चाल तशी होतेय अशी सूचना घेतो. रोज घरी सराव करतो. २०१९मध्ये नेदरलँड्समध्ये ३५४ रुग्णांवर हे करून पाहिलं. तीन महिन्यांनी एकट्याने संमोहन घेतलेल्यांत सुमारे ४० टक्क्यांना पुरेसा आराम, आणि माहिती व आधार देणाऱ्या गटात सुमारे १७ टक्क्यांना. गटाने बसून घेतलेलं संमोहनही एकट्याच्या संमोहनाच्या तोडीचं ठरलं.

मामा : म्हणजे साठ टक्क्यांना आराम नाहीच. हेही रुग्णाला सांगतेस ना?

भाची : पहिल्याच दिवशी. ‘हे जादूचं नाही, सराव लागतो, सगळ्यांना उपयोग होत नाही.’ पण तुझ्या गोळ्यांचं तरी काय निराळं आहे?

मामा : ऐक मग. २०१०मध्ये हार्वर्डच्या टेड कॅप्चक यांनी ८० आयबीएस रुग्ण घेतले आणि निम्म्यांना सरळ सांगून खोटी गोळी दिली : ‘यात औषध नाही.’ तरी ५९ टक्क्यांना पुरेसा आराम, गोळी न घेणाऱ्यांत ३५ टक्क्यांना. मी यावरून असं म्हणतो की या आजारात नीट ऐकून घेणारा, वेळ देणारा, नियमित बोलावणारा डॉक्टर हाच अर्धा उपचार आहे. त्याला एवढी मोठमोठी नावं कशाला?

भाची : आणि मी म्हणते, तो अर्धा उपचार तू कर, कारण तू तो माझ्यापेक्षा चांगला करतोस. उरलेला अर्धा, म्हणजे टाळाटाळ मोडणं, भीतीला सामोरं नेणं, हे दहा मिनिटांच्या तपासणीत होत नाही. ते शिकावं लागतं.

मामा : माझ्याकडे आणखी एक साधन आहे. अ‍ॅमिट्रिप्टिलीन. २०२३मध्ये इंग्लंडच्या फॅमिली डॉक्टरांकडे ४६३ रुग्णांवर चाचणी झाली, रोज दहा ते तीस मिलिग्रॅम. खोट्या गोळीपेक्षा स्पष्ट सरस. स्वस्त आहे, गावात मिळते. फक्त आधी सांगावं लागतं : ‘मेडिकलवाला म्हणेल ही डिप्रेशनची गोळी. त्यासाठी डोस मोठा लागतो. मी आतड्याच्या नसा शांत करायला थोडीशी देतोय.’ हे न सांगता चिठ्ठी लिहिली की रुग्ण गोळी टाकून देतो आणि मला कायमचा रामराम. वयस्कर माणसाला, हृदयाच्या आणि प्रोस्टेटच्या रुग्णाला जपून.

भाची : उत्तम. तुझी गोळी आणि माझा गृहपाठ एकत्रही चालतात.

मामा : पण चालणार कुठं? माझ्या तालुक्याला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट नाही. शहरात एका भेटीचे हजार-दीड हजार, वर एसटीचं भाडं आणि बुडालेली मजुरी. तुझा उपचार पगारदारांचा आहे.

भाची : याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. अर्धं उत्तर असं, की फोनवरची सीबीटी आणि गटातलं संमोहन चालतं, हे आत्ताच पाहिलं. कमी तज्ज्ञांत जास्त लोक. जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभाग असतो. केंद्र सरकारची मानसिक आरोग्यासाठीची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. पूर्ण थेरपी तिथं होणार नाही, पण वाट कळते. आणि सीबीटीमागचा विचार मराठीला परका नाही. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती कि. मो. फडक्यांनी इथं रुजवली. ठाण्याची आयपीएच (इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ) ही संस्था १९९०पासून मनआरोग्याचं काम मराठीत करते आहे. ‘असं झालं तर भयंकरच’ या विचाराला ‘गैरसोयीचं होईल, भयंकर नाही’ असं उत्तर द्यायची भाषा आपल्याकडे तयार आहे. ती पोटाच्या रुग्णापर्यंत न्यायची राहिली आहे.

मामा : आणि बाजारात बसलेले ‘सात दिवसांत पोट साफ’वाले? संमोहनाचा बोर्ड कुणीही लावतो.

भाची : म्हणून क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची भारतीय पुनर्वास परिषदेकडची नोंदणी विचारावी. आणि जो म्हणेल ‘डॉक्टरांची औषधं बंद करा’, त्याच्याकडून उठून यावं.

मामा : शेवटचा मुद्दा, वेळेचा. मी आधी इसबगोल, जेवणाच्या वेळा, चहा-तिखट कमी, चालणं, गरज पडली तर कळ थांबवणारी गोळी, असं महिना-दोन महिने बघणार. इंग्लंडची २००८ची मार्गदर्शिका तर औषधांनी वर्षभरात फरक पडला नाही तरच मानसोपचार सुचवते.

भाची : वर्षभरात तो डोंबिवलीचा मुलगा नोकरी सोडून बसलेला असेल. ब्रिटिश पोटविकारतज्ज्ञांनी २०२१मध्ये हे जरा सैल केलं : सोय जवळ असेल आणि रुग्णाची इच्छा असेल तर आधीही पाठवा. माझं म्हणणं, महिने मोजू नकोस. रुग्णाने काय काय सोडलं, ते मोज. यादी वाढत असेल तर दुसऱ्या महिन्यातही पाठव.

मामा : पाठवीन. पण चिठ्ठीवर ‘मानसिक’ असा शेरा लिहिणार नाही. मी सांगेन, ‘तुमचं दुखणं खरं आहे. आतड्याच्या नसा हुळहुळ्या झाल्यात आणि मेंदू त्यांचा आवाज मोठा करून ऐकतोय. तो लहान करायला शिकवणारी व्यक्ती आहे. तिच्याकडे जा, आणि महिन्याने मला दाखवायला या.’

भाची : शेवटचं वाक्य कधीच गाळू नकोस. ‘मला दाखवायला या’ म्हटलं की रुग्णाला टाकून दिल्यासारखं वाटत नाही. आणि मध्येच वजन घटलं किंवा रक्त दिसलं, तर मी त्याला तुझ्याकडे परत पाठवेन.

मामा : तरी थेरपीचं कौतुक तुम्ही जरा जास्तच करता, हे माझं मत कायम.

भाची : आणि तुम्ही रुग्ण उशिरा पाठवता, हे माझं.

इथं दोघांचं एकमत झालेलं नाही, आणि उपलब्ध पुराव्यावर आज ते व्हायचंही कारण नाही. थेरपी नेमकी किती गुणकारी, हा मामांचा प्रश्न खुला आहे. धोक्याच्या खुणा आधी, मोजक्याच तपासण्या, नाव घेऊन निदान, आणि पोटावरच्या उपचारांच्या जोडीने मनाचा विचार, इथवर मात्र दोघं एकत्र आले आहेत. वाचकांपैकी कुणी हीच जाड फाइल घेऊन फिरत असेल, तर शौचातून रक्त, घटणारं वजन, ताप किंवा रात्री उठवणारे जुलाब असल्यास आधी डॉक्टर गाठा. यातलं काही नसेल आणि आवश्यक तपासण्या झाल्या असतील, तर आणखी एका स्कॅनचे पैसे भरण्यापूर्वी पोटामुळे काय काय सोडलंत याची यादी लिहा. ती डॉक्टरांपुढे ठेवा आणि विचारा, ‘यासाठी मला कोण मदत करील?’ हा प्रश्न विचारला म्हणून तुमचं दुखणं खोटं ठरत नाही.